कावळ्याचे वय सात वर्षे नव्हे

कावळ्याला सात वर्षांच्या मुलाइतकी बुद्धी असते. डुकराला तीन वर्षांच्या मुलाइतकी, कुत्र्याला दोन वर्षांच्या. ही वाक्ये रविवारच्या पुरवण्यांत, मुलांच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत आणि फोनवर फिरणाऱ्या चित्रफितींत इतक्या वेळा येऊन गेली आहेत की आता ती कुणी तपासून पाहत नाही. जोडीला ‘जगातले दहा सर्वांत हुशार प्राणी’ अशी यादी असते: चिंपांझी पहिला, डॉल्फिन दुसरा, मग हत्ती, पोपट, ऑक्टोपस असे उतरत जायचे. लिहिणाऱ्यांच्या मनात प्राण्यांविषयी प्रेमच असते, हे मला मान्य आहे. तरीही ही वाक्ये चुकीची आहेत. त्यांत थोडी अतिशयोक्ती आहे एवढेच म्हणून भागणार नाही. ज्या मोजपट्टीवरचे आकडे ती सांगतात, ती मोजपट्टीच कुणाकडे नाही.

कावळ्याचेच घेऊ, कारण त्याच्या बाबतीत हा आकडा कुठून आला ते नीट शोधता येते.

इसापच्या गोष्टीतला तहानलेला कावळा आपल्याकडे लहानपणापासून सगळ्यांना ठाऊक असतो. २००९ साली ख्रिस्तोफर बर्ड आणि नेथन एमरी या इंग्लंडमधल्या संशोधकांनी ती गोष्ट प्रयोगात उतरवली. पक्षी होते रूक, म्हणजे युरोपातले कावळ्याचे भाऊबंद. उभ्या नळीत थोडे पाणी, पाण्यावर तरंगणारी अळी, शेजारी दगड. पक्ष्यांनी दगड टाकून पाणी वर आणले आणि अळी मटकावली. पुढे प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या कावळ्यांवर असेच प्रयोग झाले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगमालेत सहा कसोट्या होत्या. वाळूची नळी सोडून पाण्याची निवडणे, तरंगणाऱ्या वस्तू सोडून बुडणाऱ्या उचलणे, पोकळ सोडून भरीव घेणे, कमी पाण्याची नळी सोडून जास्त पाण्याची पसंत करणे, या चार त्यांना जमल्या. रुंद आणि अरुंद नळीतला फरक त्यांनी ओळखला नाही. खालून जोडलेल्या, पण जोड झाकलेल्या नळ्यांचे कोडेही सुटले नाही. शिवाय नळीत दगड टाकायला या कावळ्यांना आधी शिकवून घेतले होते. बातम्यांत ही गोष्ट सहसा येत नाही.

मधल्या काळात, २०१२ मध्ये, लूसी चेक आणि सहकाऱ्यांनी हीच कोडी चार ते दहा वर्षांच्या मुलांना घातली. पाच ते सात वर्षांच्या मुलांची कामगिरी एकंदरीत पक्ष्यांसारखी निघाली. आठ वर्षांपुढच्या मुलांना पहिल्याच प्रयत्नात सारे जमत होते. सात वर्षांचा कावळा जन्मला तो इथे. पण त्याच निबंधात संशोधकांनी बजावून ठेवले होते की कोणते कोडे सोपे गेले आणि कोणते अवघड, हे पाहता मुले आणि पक्षी वेगवेगळ्या रीतीने शिकत असावीत. कारण आणि परिणाम यांचा मेळ डोळ्यांना दिसला नाही की पक्षी अडतो, मुलाचे तितके अडत नाही. म्हणजे गुण सारखे पडले, पण उत्तरापर्यंतची वाट निराळी होती. बातमी करणाऱ्यांनी गुण उचलले आणि वाट सोडून दिली.

सात वर्षांचे मूल गोष्ट रचून सांगते, उद्याचा बेत आखते, आईच्या आवाजावरून तिचा राग ओळखते. न्यू कॅलेडोनियाचा कावळा केवड्याच्या कुळातल्या झाडाच्या पानाची दातेरी कड कापून तिचे हत्यार बनवतो आणि त्याने फटींतले किडे बाहेर ओढतो. यांतले कुणाचे वय कुणाला लावायचे? नळीतल्या पाण्याचे एक कोडे दोघांनी सारखे सोडवले म्हणून दोघांची बुद्धी सारखी ठरत असेल, तर ती पद्धत शाळेतल्या एका मुलावर वापरायलाही आपण धजणार नाही.

आणि हा कावळा आपला नव्हेच. मराठी बातमीसोबत बहुतेकदा चित्र येते ते राखी मानेच्या, आपल्या खिडकीत येणाऱ्या कावळ्याचे. हा आपला कावळा कोकिळेची अंडी उबवतो आणि तिच्या पिलांना चारा भरवतो. त्यावरून त्याला मूर्ख म्हणायचे का? तेही चूकच. घरट्यातले परके अंडे ओळखून बाहेर फेकणे हे वेगळे कौशल्य आहे. ते उत्क्रांतीत टिकेल की नाही, हे परक्या अंड्याने किती नुकसान होते आणि चुकून स्वतःचेच अंडे फेकले तर किती, या हिशेबावर ठरते. दगड टाकून पाणी वर आणण्याशी त्याचा संबंध नाही. एकाच पक्ष्याच्या डोक्यात एक गोष्ट तल्लख असते आणि दुसरी नसते. मग त्या पक्ष्याच्या बुद्धीला एकच आकडा कसा देणार?

आरशाच्या कसोटीचेही असेच झाले. १९७० साली गॉर्डन गॅलप यांनी चिंपांझींच्या चेहऱ्यावर त्यांच्या नकळत रंगाचा ठिपका लावून त्यांना आरशासमोर सोडले. ठिपक्याला हात लावला तर त्या प्राण्याला ‘हा मीच’ असे कळते, असा निष्कर्ष. चिंपांझी उत्तीर्ण झाले, माकडे नापास झाली, आणि आत्मभानाची सीमारेषा आखून झाली. १९८९ मध्ये डॅनियल पोव्हिनेली यांनी हत्तींची परीक्षा घेतली, हत्ती नापास. २००६ मध्ये जोशुआ प्लॉटनिक, फ्रान्स द वाल आणि डायना राइस यांनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात पुन्हा घेतली, पण या वेळी सुमारे अडीच मीटर लांब-रुंद, भक्कम आरसा हत्तिणींच्या आवारातच बसवला. त्यांना तो हुंगता येत होता, त्याच्या मागे सोंड घालून पाहता येत होते. तिघींपैकी हॅपी नावाच्या हत्तिणीने स्वतःच्या कपाळावरच्या खुणेला सोंडेने वारंवार स्पर्श केला. १७ वर्षांत हत्तींना आत्मभान आले नव्हते. परीक्षकांना हत्तीच्या अंगाचा अंदाज आला होता.

या कसोटीची खरी परीक्षा झाली २०१९ मध्ये. मासानोरी कोहदा आणि सहकाऱ्यांनी दाखवले की इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन जगणारा क्लीनर रास नावाचा बोटभर मासा आरशात पाहून आपल्या गळ्याखालची खूण दगड-वाळूवर घासतो. त्यावर जे घडले ते मला फार महत्त्वाचे वाटते. खुद्द गॅलप यांनी निष्कर्ष नाकारला. इतरांनी सुचवले की आत्मभानाकडे ‘आहे किंवा नाही’ असे पाहणेच सोडून द्यावे. ही सूचना मला योग्य वाटते. पण ती मासा उत्तीर्ण झाल्यावर का सुचावी? चिंपांझी उत्तीर्ण झाला तेव्हा कसोटी भरवशाची होती, मासा उत्तीर्ण झाला तेव्हा ती संशयास्पद झाली. याचा अर्थ निकाल आधीच ठरलेला होता आणि त्या निकालाशी जुळेल तोवरच कसोटी मान्य होती.

हातापायांचा विचार न केल्याने नापास झालेल्यांची रांग मोठी आहे. गिबन वानरांना जमिनीवर पसरलेल्या दोऱ्या ओढून खाऊ मिळवता येत नसे, म्हणून त्यांना मंद ठरवले गेले. १९६७ मध्ये बेंजामिन बेक यांनी दोऱ्या उचलून खांद्याच्या उंचीवर टांगल्या आणि गिबनांनी त्या सहज ओढल्या. त्यांचे लांब, आकडीसारखे हात फांदीला लटकण्यासाठी घडलेले. सपाट पृष्ठावरची दोरी त्यांना उचलताच येत नव्हती. वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातला कंदुला हा सात वर्षांचा हत्ती उंचावरची फळे पाडायला काठी वापरत नसे. सोंडेत काठी धरली की वास घ्यायची वाट बुजते, हे २०११ च्या अभ्यासात ध्यानात आले. त्याला एक मोठा ठोकळा दिला, तेव्हा त्याने तो ढकलत नेला, त्यावर पाय ठेवून उभा राहिला आणि फळे काढली.

उलट्या दिशेची चूकही तितकीच मोठी आहे. जपानमध्ये क्योतो विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात आयुमू हा तरुण चिंपांझी पडद्यावर सेकंदाच्या पाचव्या भागाइतकाच वेळ चमकलेल्या अंकांच्या जागा लक्षात ठेवून त्यांना चढत्या क्रमाने बोट लावत असे. २००७ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि चिंपांझीने माणसाला हरवले असा गाजावाजा झाला. दोन वर्षांनी दुसऱ्या संशोधकांनी दाखवले की माणसांनाही पुरेसा सराव दिला तर ती आयुमूची बरोबरी करतात. आयुमूने वर्षानुवर्षे सराव केला होता, ज्या विद्यार्थ्यांशी त्याची तुलना झाली त्यांनी केला नव्हता. इथे प्राण्याच्या बाजूने पारडे झुकले म्हणून मी खूश होणार नाही. अटी सारख्या नसतील तर तुलना कुणाच्याही बाजूने लागली तरी ती तुलना नव्हे.

आता विरुद्ध पक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा घेतो. वागणुकीच्या कसोट्या फसव्या असतील, पण मेंदू तर मोजता येतो, असे ते म्हणतात. मोजा. स्पर्म व्हेलचा मेंदू सुमारे आठ किलोचा, हत्तीचा पाच किलोच्या आसपास, माणसाचा १.३ ते १.४ किलो. वजन चालत नाही, म्हणून शरीराशी गुणोत्तर काढले. त्यात इवल्याशा चिचुंद्र्या माणसाच्या पुढे गेल्या. मग १९७३ मध्ये हॅरी जेरिसन यांनी शरीराच्या मानाने मेंदू अपेक्षेपेक्षा किती मोठा, हे सांगणारा निर्देशांक रूढ केला. त्यात माणूस सातच्या वर जाऊन पहिला आला, पण छोटे कॅपुचिन माकड गोरिलाच्या पुढे गेले. मग चेतापेशी मोजायच्या ठरल्या. सुझाना हर्क्युलानो-हौझेल यांच्या मोजणीत माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज, तर आफ्रिकी हत्तीच्या मेंदूत २५७ अब्ज चेतापेशी निघाल्या. पण हत्तीच्या जवळजवळ ९८ टक्के पेशी अनुमस्तिष्कात होत्या. तेव्हा फक्त प्रमस्तिष्काच्या बाह्यपटलातल्या पेशी धरायच्या असे ठरले, आणि माणूस १६ अब्जांसह पुन्हा वर आला. तोच २०१४ मध्ये डॉल्फिनच्या कुळातल्या पायलट व्हेलच्या बाह्यपटलात सुमारे ३७ अब्ज पेशी मोजल्या गेल्या.

या प्रत्येक टप्प्यावरचे संशोधन मोलाचे आहे. हर्क्युलानो-हौझेल यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. माझा आक्षेप त्याचा वापर करणाऱ्यांना आहे. माणूस पहिला येईना की माप बदलायचे, आणि आला की ते माप म्हणजेच बुद्धी म्हणायचे, याला मोजणे म्हणत नाहीत.

२०१४ मध्येच ३६ जातींच्या प्राण्यांवर आत्मसंयमाचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पारदर्शक नळीतला खाऊ समोर दिसतो, पण थेट झडप घालून मिळत नाही, बाजूने वळसा घालावा लागतो. ज्याचा मेंदू मोठा त्याला हे जास्त जमते, असे त्यात दिसले. मोठ्या मेंदूच्या पुरस्कर्त्यांना हवा होता तो पुरावा हाच. २०१६ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी तीच नळी रॅव्हन, जॅकडॉ हे कावळ्याचे भाऊबंद आणि न्यू कॅलेडोनियाचे कावळे यांच्यासमोर ठेवली. आक्रोडापेक्षाही लहान मेंदूच्या या पक्ष्यांनी चिंपांझींच्या तोडीची कामगिरी केली. त्याच वर्षी कावळे आणि पोपट यांच्या मेंदूत चेतापेशी किती दाटीने बसलेल्या असतात याची मोजणीही प्रसिद्ध झाली. माझ्या मते एवढेच मान्य करता येते की वानर-माकडांसारख्या एकाच कुळात, जिथे मेंदूची घडण सारखी आहे, तिथे आकाराला काही अर्थ आहे. कूळ ओलांडले की तो अर्थ मागे राहतो.

कारण कुळे एका रांगेत उभी नाहीत. माणूस आणि पक्षी यांचा शेवटचा समान पूर्वज सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वीचा. ऑक्टोपसशी आपले नाते तर त्याच्याही फार मागे, ५० कोटी वर्षांच्या पलीकडे जुळते. ऑक्टोपसच्या सुमारे ५० कोटी चेतापेशींपैकी दोन-तृतीयांश त्याच्या भुजांमध्ये असतात. तो माणूस होण्याच्या वाटेवर मागे राहिलेला नाही, त्या वाटेवर तो कधी नव्हताच. १९६९ मध्येच विल्यम होडोस आणि सी. बी. जी. कॅम्पबेल यांनी आपल्या सहकारी मानसशास्त्रज्ञांना ठणकावले होते की मासा, बेडूक, उंदीर, मांजर, माकड, माणूस अशी शिडी उत्क्रांतीत कुठेही नाही आणि तिच्या आधारे केलेल्या तुलनांना सिद्धांताचा पाया नाही. अर्ध्या शतकानंतरही आपल्या याद्या तीच शिडी वापरतात.

ही शिडी निरुपद्रवी नाही. ती माणसांनाही लावली गेली. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली पीएच. डी. करत होत्या. कवटीच्या दोन बाजूंमधला असमतोल आणि वंश यांचा संबंध आहे, गोऱ्या युरोपीयांची कवटी बुद्धीला अधिक अनुकूल आहे, हे गृहीतक त्यांच्यापुढे होते. दीडशेच्या आसपास कवट्या मोजून त्यांनी लिहिले की असा संबंध आढळत नाही. गुरूच्या मताविरुद्ध आणि त्या काळातल्या जर्मनीत हे लिहायला किती धैर्य लागले असेल याची मला जाणीव आहे. वैज्ञानिक म्हणून त्यांनी केले ते एवढेच, की क्रम आधी गृहीत धरला नाही.

‘मग तुलना करायचीच नाही का? प्रत्येकाची बुद्धी आपापली, असे म्हटले की संशोधनच संपले,’ असे यावर विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की तुलना जरूर करावी, पण एकेका क्षमतेची, सारख्या अटींवर, आणि ती क्षमता त्या प्राण्याच्या जगण्यात कशासाठी आहे हे विचारून. उत्तर अमेरिकेतला क्लार्कचा नटक्रॅकर हा पक्षी हिवाळ्यासाठी देवदारासारख्या झाडांच्या हजारो बिया जमिनीत पुरतो आणि कित्येक महिन्यांनी बर्फाखालून शोधून काढतो. त्याच्याच कुळातले स्क्रब जे पक्षी साठ्यावर इतके अवलंबून नाहीत. दोघांची तुलना केली तेव्हा जागा लक्षात ठेवण्यात नटक्रॅकर सरस ठरला; रंग लक्षात ठेवायला सांगितले तेव्हा ती आघाडी उरली नाही. स्मरणशक्ती एकंदर वाढलेली नव्हती, जी उपयोगी ती वाढली होती. दहा याद्यांतून मिळणार नाही इतके ज्ञान या एका तुलनेत आहे.

कोलकात्याच्या ‘आयसर’मध्ये अनिंदिता भद्रा यांच्या गटाने रस्त्यावरच्या, कधीही न शिकवलेल्या कुत्र्यांपुढे दोन भांडी ठेवून एकाकडे बोट दाखवले. जे पुढे आले त्यांतल्या बहुतेकांनी बोटाची दिशा पाळली. माणसाच्या बोटाचा अर्थ लावणे चिंपांझींना अवघड जाते, हे आधीच्या प्रयोगांतून दिसले होते. शिडीवर चिंपांझी कुत्र्याच्या कितीतरी वर आहे. कुत्रा मात्र हजारो वर्षे माणसाच्या हाताकडे पाहत जगला आहे.

सर्वांत सुंदर उदाहरण आपल्या माळरानावरचे आहे. विजेच्या तारेवर बसून हवेतल्या हवेत माशा पकडणारा हिरवा वेडा राघू मातीच्या दरडीत बीळ करून पिले वाढवतो. चोचीत चारा घेऊन तो बिळात शिरला की पाहणाऱ्या शत्रूला घरट्याचा पत्ता लागतो. पुण्याचे जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी मांडणी केली. माणूस घरट्यापासून सारख्याच अंतरावर, पण कधी बीळ दिसेल अशा जागी, कधी आडोशामुळे ते दिसणार नाही अशा जागी उभा राही. पक्ष्याला माणूस दोन्ही वेळा दिसत होता. तरी बीळ माणसाच्या नजरेत असताना तो आत जायला कचरे आणि नजरेआड असताना अधिक वेळा जाई. शत्रूला काय दिसते याची दखल हा पक्षी घेतो, असा बेताचा निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. या प्रयोगाला महागडे यंत्र लागले नाही, पिंजरा लागला नाही आणि पक्ष्याला माणसाचे कुठलेही काम शिकवावे लागले नाही. त्याच्या आयुष्यातलाच प्रश्न त्याला विचारला गेला. वेडा राघू किती वर्षांच्या मुलाइतका हुशार, असे त्यांनी लिहिले असते तर बातमी मोठी झाली असती आणि हाती काही लागले नसते.

शेवटी, मला सर्वांत जास्त खुपणारी गोष्ट. याद्या लिहिणारे म्हणतात की क्रमांकामुळे प्राण्यांना संरक्षण मिळते. हे पूर्ण खोटे नाही. २०१३ मध्ये केंद्र सरकारने डॉल्फिनचे खेळ करणाऱ्या केंद्रांना परवानगी नाकारली, तेव्हा त्यांच्या उच्च बुद्धीचा दाखला दिला होता. निर्णय उत्तम होता, पण आधार डळमळीत होता. ब्राँक्सच्या हॅपीची गोष्ट पाहा. आरशातल्या यशाच्या जोरावर तिला मुक्त करावे म्हणून वकिलांनी न्यायालयात लढा दिला. २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध दोन मतांनी ती मागणी फेटाळली. हत्ती बुद्धिमान आहेत हे कुणीच नाकारत नाही असे म्हणून फेटाळली. बुद्धी मान्य झाली आणि तरी दार उघडले नाही. त्याच प्रयोगातल्या मॅक्सीन आणि पॅटी या हत्तिणींनी खुणेला स्पर्श केला नव्हता. हॅपीचा हक्क आरशातून येत असेल, तर या दोघींना तो नाही असे म्हणावे लागेल, आणि तसे म्हणायला याद्या करणाऱ्यांपैकीही कुणी तयार होणार नाही. आपला १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा अनावश्यक वेदना आणि यातना यांविषयी बोलतो. त्यासाठी त्याला कुठल्याही क्रमवारीची गरज पडलेली नाही. पोल्ट्रीतल्या पिंजऱ्यात पंख पसरता न येणाऱ्या कोंबडीविषयी विचारायचे ते हेच: तिला किती जागा मिळते, तिचे पाय दुखतात का, तिची चोच का छाटली. ती यादीत कितवी येते, याचा यातल्या एकाही प्रश्नाशी संबंध नाही.